पाटोद्याचे दर्यावकील

अठरा मे, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. त्या क्षणी माझ्या उजव्या हातात एका दोराचे टोक होते, दुसरे टोक सत्तरी ओलांडलेल्या एका वकिलांच्या हातात होते आणि मधला दोर ताणलेला होता. वेळ नेमकी लक्षात राहिली, कारण हा प्रकार आणखी किती चालणार हे पाहण्यासाठी मी डाव्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले होते.

"धरा," एवढेच म्हणून त्यांनी ते टोक माझ्याकडे दिले होते. नमस्कार नाही, 'या बसा' नाही. मग ते सावकाश बोलू लागले. चारा छावणीत काल कोणाची म्हैस व्याली, टँकर कोणत्या वाडीला पोचलाच नाही, पाटोद्याच्या बाजारात लिंबे काय भावाने गेली. मी हुंकार देत उभी होते. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच आपल्या हातातले टोक खाली सोडले.

"बसा डॉक्टरीणबाई. हात खणखणीत हाय तुमचा. स्वभाव तेवढा घाईचा. घड्याळ दोनदा बघितलं."

मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन नुकतीच त्या भागातल्या रुग्णालयात रुजू झाले होते. वर्षभर काम करायचे, हाताच्या पकडीवर एक शोधनिबंध लिहायचा आणि पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडायचे, असा माझा आराखडा होता. त्यात या गृहस्थांसाठी जागा नव्हती. त्यांनी निरोप धाडला होता की एका पक्षकाराचा हात तपासून हवा आहे. मी कागदपत्रे घ्यायला आले होते आणि मला दोर मिळाला होता.

लोक त्यांना 'दर्यावकील' म्हणत. बीड जिल्ह्यातून समुद्र कोणत्याही दिशेने गाठायचा तरी एक रात्र प्रवासात जाते. साहेबांनी तो प्रवास कधीच केला नव्हता. तरीही जहाजावर हात जायबंदी झालेला त्या भागातला कोणताही तरुण शेवटी त्यांच्याच दारात येई. त्यांनी हातांचेच दावे घेतले. पाठीचा, डोळ्याचा, पायाचा दावा आला की ते पक्षकाराला बीडच्या एखाद्या चांगल्या वकिलाकडे पाठवत. "माणूस लई मोठा हाय. मला एवढा एक अवयव पुरे झाला," असे ते म्हणत.

त्यांचे कार्यालय बंद पडलेल्या सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात होते. दुष्काळाने जनावरे छावणीत गेली, दूध आटले, संघाला कुलूप लागले. साहेब संघाचे कायदेशीर सल्लागार असल्यामुळे किल्ली त्यांच्याकडेच राहिली आणि किल्लीमागोमाग ते स्वतः आत गेले. भिंतींना पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात दुधाची रिकामी टाकी, टाकीवर फायलींचे ढीग. बाहेर जमीन भाजत असे आणि आत मात्र टेबलाखाली पाय ठेवला तर गार लागे. पाटोद्यातल्या कोणत्याही सरकारी साहेबाकडे अशी खोली नव्हती, आणि याचा त्यांना उघड आनंद होता.

भिंतीवर कोकणातल्या एका बंदराच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक टांगलेले होते. साहेब चहा फक्त भरतीला घेत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे त्यांचा चहाही सरकत असे. आज साडेदहाला, उद्या सव्वाअकराच्या पुढे. समोरच्या हॉटेलचा मालक या हिशेबाने वैतागून गेला होता.

"साहेब, सगळं गाव नऊला पितंय. तुमचंच कावून असं?"

"अरे, समुद्र चढल्याबिगर मी कसा चढू?"

तिसऱ्या भेटीत मी ते वेळापत्रक जवळून वाचले. ते तीन वर्षांपूर्वीचे होते. मी ते लक्षात आणून दिले. चंद्राची स्थिती दर वर्षी त्याच तारखेला सारखी नसते, म्हणजे साहेबांनी तीन वर्षे बहुतेक चहा ओहोटीला घेतला असावा, हेही सांगितले. ते खरोखर हादरले. खुर्चीतून उठून वेळापत्रकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तरीच! तरीच पित्त वाढलं." दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना चालू वर्षाचे वेळापत्रक छापून नेऊन दिले. त्या दिवसापासून मी त्यांच्या दृष्टीने शास्त्रज्ञ झाले.

समुद्र त्यांच्या वाट्याला आला तो साखर कारखान्यातून. तरुणपणी ते सहकारी कारखान्यांमधल्या कामगारांचे दावे लढत. उसाच्या गव्हाणीत, पट्ट्यात, साखळीत सापडलेले हात. पुढे एका दुष्काळी वर्षी ऊसच नव्हता. कोयता बाजूला ठेवून काही मुले मुंबईला गेली आणि दलालामार्फत मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून लागली. त्यांतला एक जण हाताचे बोट तुटून परत आला. तीन वकिलांनी त्याला सांगितले की हे प्रकरण मुंबईचे, परदेशी जहाजाचे, इथे काही व्हायचे नाही. साहेबांनी विचारले, "हातच हाय ना? मग आण इकडं." समोरच्या पक्षाने अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला तेव्हा ते न्यायाधीशांना म्हणाले होते, "महोदय, जहाजाचा झेंडा कुठलाही असो. हा हात बीड जिल्ह्याचा रहिवासी हाय. त्याचं रेशनकार्ड इथलं हाय." कायद्यात याहून नीट मांडलेला आधार होता आणि तो त्यांनी लेखी दिलाच. पण लोकांच्या तोंडी राहिले ते रेशनकार्ड.

त्या पहिल्या खलाशाने आनंदाने त्यांना जहाजावरचा एक दोर भेट दिला. अंगठ्याएवढा जाड, मळकट पांढरा, पुष्कळ लांब. तो दोर म्हणजे साहेबांचे दैवत. एकदा वाडीच्या विहिरीतला गाळ काढताना लोकांचा दोर तुटला, तेव्हा ते साहेबांकडे आले. साहेबांनी दोर दिला, पण अटी घालून: टोके जळता कामा नयेत, गाठ मारायची तर सुटणारी मारायची, आणि परत करताना तो ओला असल्यास खुशाल ओला असू द्यावा, कारण त्याचा अर्थ विहिरीला पाणी लागले. दोर परत आला तो कोरडा.

येणाऱ्या प्रत्येकाला ते दोराचे टोक धरायला देत. पक्षकाराला, पोस्टमनला, एकदा तर मत मागायला आलेल्या पुढाऱ्यांना. मी याची नोंद वयानुसार येणाऱ्या विक्षिप्तपणात केली होती. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निरीक्षण करावे आणि निष्कर्ष राखून ठेवावा, हे मला शिकवलेले होते. तरीही निष्कर्ष मी आधीच काढून मोकळी झाले होते.

आता बळीरामविषयी, कारण साहेबांनी हात तपासण्यासाठी धाडलेला निरोप त्याच्यासाठीच होता.

बळीराम चकलांब्याचा. पंचविशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. लग्नानंतर चार हंगाम त्याने आणि त्याच्या बायकोने, मनीषाने, मिळून ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. तो तोडायचा, ती शेजारी वाकून मोळ्या बांधायची. मग तो जहाजावर गेला. तिथले पहिले दिवस त्याने साहेबांना सांगितले होते आणि साहेब ते सर्वांना सांगत. न्हाणीघरातले नळ सोबती उघडे ठेवून निघून जात, आणि हा मागोमाग जाऊन बंद करी. सगळे त्याला हसत. "चारी बाजूला पाणी अन् ह्यो पठ्ठ्या थेंब वाचवतोय," साहेब म्हणत. "असा माणूस खोटा दावा करील का?"

एका बंदरात जहाज बांधताना दोर आणि लोखंडी खुंट यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. मधले बोट आणि अनामिका चिरडली. तिकडेच शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर मुंबईत कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, पकड मोजली आणि लिहिले: पकड सामान्य, कामास योग्य. त्या एका ओळीने त्याचा दावा संपत होता. कंपनीच्या मते हात बरा होता. पण जहाजावर परत घेण्याचे मात्र कोणी नाव काढत नव्हते. म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा कोयता.

मी रुग्णालयात त्याची पकड मोजली. यंत्र साधे असते. मूठ आवळायची, काटा किलोमध्ये जोर दाखवतो. बळीरामने जबडा घट्ट केला आणि आवळले. एक्केचाळीस. मी पुन्हा मोजले. तेवढेच. त्या वयाच्या कष्टकरी पुरुषाला हा आकडा शोभणारा होता. मी साहेबांकडे गेले आणि स्पष्ट सांगितले की कंपनीच्या डॉक्टरांचे मोजमाप बरोबर आहे.

साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले, "दाबताना तुमी त्याला काय सांगितलं?"

"जेवढा जोर आहे तेवढा लावा."

"अन् त्यानं लावला."

"हो."

"बाई, आमच्याकडं ऊसतोडीची आगाऊ उचल द्यायच्या आधी टोळीचा मुकादम नव्या गड्याशी हात मिळवतो. मिळवतो म्हणजे आवळतो. गडी कळवळला तर मुकादम पुढच्या गड्याकडं जातो. त्या घराचा हंगाम गेला. ह्या पोरानं सोळाव्या वर्षापासून असे हात दिलेत. कुणी खुर्चीवर बसून 'जोर लाव' म्हणालं, की जीव गेला तरी हे लावणार. दुखतंय म्हणायचं न्हाई. मुंबईच्या डॉक्टरला काय म्हणाला माहीत हाय? 'ठणठणीत हाय साहेब.' नुकसानभरपाई मागायला गेलता अन् नोकरी मागून आला!"

मी म्हणाले की हे समजण्यासारखे आहे, पण आकडा आकडाच असतो.

"आकडा खरा हाय. प्रश्नच भलता विचारलाय," ते म्हणाले आणि त्यांनी बाहेर हाक मारली. बळीराम आणि मनीषा ओसरीवर बसली होती. तो आत येताच साहेबांनी त्याच्या उजव्या हातात दोराचे टोक दिले. "धर रे." आणि त्यांनी टँकर, छावणी, लिंबे सुरू केले. या वेळी मी घड्याळाऐवजी हाताकडे पाहत होते. सुरुवातीला दोर ताठ होता. हळूहळू बळीरामचा खांदा वर चढला, मग कोपर अंगाला चिकटले. बोटांनी सोडून दिलेले काम वरचे स्नायू करत होते. तिसरे मिनिट पुरे होण्याआधी ती दोन बोटे उघडली. त्याला कळलेही नसावे. दोर मात्र झुकला.

दोर कशासाठी आहे हे मला त्या क्षणी समजले. साहेब वीस वर्षे टिकाव मोजत होते. मी आणि मुंबईचे डॉक्टर एका क्षणाचा जोर मोजत होतो.

दारात उभ्या असलेल्या मनीषाने प्रथमच तोंड उघडले. "मला ठावं होतं. घरी हंडा धरतेत अन् मधीच सुटतो. पण ह्यांना बोलायची सोय न्हाई. ताई, मी ह्यांच्या कोयत्याच्या हातभर अंतरावर वाकलेली असते. हंडा सुटला तर पाणी सांडंल. कोयता सुटला तर?"

बळीराम खाली पाहत होता. "सुटत न्हाई," तो पुटपुटला.

या दाव्यात नेमके काय पणाला लागले आहे, ते माझ्या डोक्यात तेव्हा पक्के झाले. दावा हरला तर दिवाळीनंतर ती त्या हाताच्या शेजारी वाकणार होती.

पुढचे काम माझ्या आवाक्यातले होते. दर तीन सेकंदांनी एकदा, असे वीस वेळा त्याला यंत्र आवळायला लावले आणि प्रत्येक आकडा लिहिला. पहिला एक्केचाळीस होता, विसावा बारा. डाव्या हाताचा आलेख जवळजवळ सपाट राहिला, उजव्याचा उतारासारखा घसरला. तुलनेसाठी त्याच्याच टोळीतल्या धडधाकट गड्यांचे हात मी छावणीत जाऊन मोजले. गडी रांगेत उभे राहून एकमेकांना डिवचत होते, "दाब बे, म्हशीचं दूध काढतो का?" आणि साहेब उसाच्या पाचटाच्या ढिगाऱ्यावर बसून सर्वांना ओरडून सांगत होते की हे शास्त्र आहे, कुस्ती नव्हे. कोणीही ऐकले नाही. आकडे उत्तम मिळाले.

सुनावणी बीडला झाली. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. सभ्य, तयारीचे गृहस्थ. त्यांनी माझा आलेख शांतपणे पाहिला आणि नेमक्या जागी बोट ठेवले. विसाव्या वेळेला अर्जदाराने मुद्दाम कमी दाबले नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. मी त्याचे तांत्रिक उत्तर दिले. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले, पण त्यांना ते पटल्याचे चेहऱ्यावर दिसत नव्हते.

तेव्हा साहेबांनी पिशवीतून दोर काढला.

"हे काय आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

"दोर हाय, महोदय. एक टोक माझ्या पक्षकाराकडं. दुसरं माझ्या विद्वान मित्रांकडं. त्यांच्याकडं दिलं म्हणजे माझ्यावर संशय नको."

न्यायाधीश हसले, म्हणाले, "हे लेखी पुराव्यात जमा होणार नाही," आणि तरी परवानगी दिली. मुंबईच्या वकिलांनी कोटाची बाही सावरत टोक धरले. साहेब माझी साक्ष पुढे चालवू लागले. माझे शिक्षण, यंत्राची तपासणी, हवामान. मी उत्तरे देत होते, पण माझी नजर दोरावर होती, आणि मला भीती वाटू लागली. दोर झुकत नव्हता. तिसरे मिनिट गेले. कोर्ट भरलेले होते. बळीरामच्या नजरेत मोठा साहेब असलेले न्यायाधीश समोर खुर्चीवर बसले होते. बळीरामचा जबडा घट्ट झाला होता, कपाळावर घाम होता, खांदा कानाला लागला होता. तो पुन्हा मुकादमाला हात देत होता. आपल्याच दाव्याचा गळा तो आपल्याच मुठीत आवळत होता आणि साहेबांना त्याला 'सोड' म्हणता येत नव्हते.

मागच्या बाकावरून मनीषाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण खोलीभर ऐकू आला.

"अवो, सोडा की आता. मुकादम न्हाई इथं."

बळीरामने तिच्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे, मग आपल्या हाताकडे. त्याचा खांदा खाली आला. खांद्याचा आधार जाताच दोर सर्रकन निसटला आणि मुंबईचे वकील तोल जाऊन एक पाऊल मागे गेले. दोन बोटे उघडीच राहिली होती आणि थरथरत होती. ती थरथर ठरवून करता येत नाही.

न्यायाधीशांनी मनीषाला समज दिली की मधे बोलू नये. मग तिलाच विचारले की मुकादमाचा इथे काय संबंध. तिने सांगितले. ते स्वतः ऊस पट्ट्यातले होते की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला यंत्र आणायला सांगितले. मी त्याच जागी पकड मोजली. नऊ. मुंबईच्या वकिलांनी तो आकडा स्वतः वाकून वाचला आणि काही हरकत घेतली नाही. जाताना ते साहेबांना म्हणाले, "हा दोर मला आधी दाखवायला हवा होता, तडजोड केली असती." साहेब म्हणाले, "या की चहाला. आज भरती साडेचारला हाय."

निकाल बळीरामच्या बाजूने लागला. त्या दिवाळीनंतर ती जोडी ऊसतोडीला गेली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, छावण्या उठल्या आणि जनावरे घरी आली. संचालकांनी दूध संघ पुन्हा सुरू करायचे ठरवले, त्यामुळे शीतकरण केंद्र रिकामे करणे भाग होते. संघाचे सल्लागार या नात्याने साहेबांनी स्वतःला नोटीस लिहिली. भाडेकरू या नात्याने तिला कडक उत्तर दिले. मग सल्लागाराने भाडेकरूची समजूत काढली आणि भाडेकरू समोरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. त्या खोलीत उकाडा भयंकर होता, पण खिडकीतून सकाळी दुधाच्या रांगा दिसत, आणि ते खुर्ची तिकडे वळवूनच बसत. संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासायला बळीराम लागला होता. ते काम डाव्या हाताने नीट होते. मनीषाने दोन म्हशी घेतल्या होत्या आणि ती त्याच्याशी फॅटवरून सर्वांदेखत भांडत असे.

माझा प्रवेश निश्चित झाला तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. शोधनिबंधाचा विषय तोपर्यंत बदललेला होता. आता तो पकडीच्या टिकावावर होता. साहेबांनी सवयीने दोर पुढे केला. मी घेतला नाही आणि पिशवीतून यंत्र काढून त्यांच्यापुढे धरले. इतक्या महिन्यांत त्यांनी ते हातात घ्यायचे कायम टाळले होते.

"आज तुमचा हात, साहेब."

"माझा कशाला? मी काय दावा करणार हाय?"

"नोंदीसाठी."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. दुधाच्या रांगेतले चार जण आत डोकावत होते. मग त्यांनी यंत्र घेतले, छाती फुगवली, जबडा आवळला, खांदा कानाजवळ नेला आणि श्वास रोखून दाबू लागले. चेहरा लाल झाला. मला काट्याकडे पाहावेसे वाटेना.

"साहेब," मी म्हणाले, "मुकादम नाही इथे."

ते थांबले. मग इतके मोठ्याने हसले की रांगेतले लोक दारात आले. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, खांदा खाली सोडला आणि दोराचे टोक धरावे तसे ते यंत्र निवांतपणे पुन्हा हातात घेतले. या वेळी मी काटा वाचला आणि लिहिले: एकोणीस किलो.